वाळूजची फेरी, बिल मात्र दोन तासांचं

पत्र

नमस्कार. मी भोसरीत राहतो. सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारी) मशीन बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. सीएनसी, पीएलसी (मशीनला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर), ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) अशी कामं घेतो. सोबत एक मदतनीस मुलगा असतो. गेल्या महिन्यात संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यातून रात्री फोन आला की मशीन सारखं अलार्म देऊन थांबतंय, सकाळी या. दिवसाला ४,००० रुपये व्हिजिट चार्ज आणि पेट्रोल वेगळं, असं फोनवर ठरलं. पहाटे ५ ला निघालो, १० ला गेटवर होतो. पास, सेफ्टीचं ट्रेनिंग यात वेळ गेला, मग प्रोडक्शनवाले चालू लॉट संपेपर्यंत मशीन सोडेनात. हातात मिळालं साडेबाराला. एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरची) केबल गेली होती. पावणेतीनला मशीन चालू करून दिलं, रिपोर्टवर सही होईपर्यंत साडेतीन झाले. घरी पोचलो रात्री ९ ला. आता परचेसवाले म्हणतात, काम दोनच तासांचं झालं, हाफ डे लावा. २,००० आणि पेट्रोलचे ३,००० असे ५,००० जमा केले. मदतनिसाची ९०० रुपये हजेरी मी दिली. प्लँट हेड जुन्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी मला वाद घालवत नाही. प्रवासाच्या वेळेचे पैसे मागणं बरोबर आहे का? मागितले तर ते संभाजीनगरचाच माणूस बोलावतील, ही भीती आहे.

– एक वाचक, भोसरी

उत्तर

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी कागद-पेन घेऊन हिशोब मांडला. तो तुम्ही स्वतः एकदा मांडला असतात, तर मागणं बरोबर की चूक हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

भोसरी ते वाळूज जाऊन-येऊन ४४० किलोमीटर धरू. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, म्हणजे तीन हजारांचं पेट्रोल जळलं. तेवढे तुम्हाला मिळाले. पण गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. टायर झिजतात, सर्व्हिसिंग लवकर येतं, विमा भरावा लागतो आणि दर वर्षी गाडीची किंमत उतरते. साध्या हॅचबॅकलाही हे सगळं धरून किलोमीटरला १२ रुपये लावणं वाजवी आहे. त्या दराने गाडीचे होतात ५,२८०. त्यात मदतनिसाचे ९०० मिळवा : ६,१८०. तुमच्या खात्यात आले ५,०००. म्हणजे पहाटे ५ पासून रात्री ९ पर्यंत सोळा तास राबून तुम्ही पदरचे जवळपास बाराशे रुपये घातलेत. टोल आणि दोघांचं जेवणखाण मी यात धरलेलंच नाही. आणि कौशल्य कुणाचं विकलं गेलं? अलार्म बघून ड्राइव्ह न बदलता केबलवर बोट ठेवणाऱ्या माणसाचं. ते कळत नसतं, तर त्यांनी नवा ड्राइव्ह मागवला असता आणि तो येईपर्यंत मशीन झाकून ठेवलं असतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, प्रवासाचा वेळ मागायचा. पण तो कधी मागायचा आणि कसा, यावर सगळं अवलंबून आहे. त्यात तुमचं जिथे चुकलं तेही स्पष्ट सांगतो.

नोकरदार माणसाला कामाचे तास, ओव्हरटाइम यांना कायद्याचा आधार असतो. तुमच्यासारख्या स्वतंत्र कंत्राटदाराच्या प्रवासवेळेचे पैसे ठरवणारा असा कायदा नाही. दोघांत जे ठरलं तोच तुमचा कायदा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये स्पेनमधल्या तंत्रज्ञांच्या बाबतीत एक निकाल दिला होता. त्यांच्या कंपनीने जिल्ह्याजिल्ह्यातली ऑफिसं बंद केली आणि ही माणसं घरूनच थेट ग्राहकाकडे जाऊ लागली. घर ते पहिला ग्राहक आणि शेवटचा ग्राहक ते घर हा प्रवासही कामाचाच वेळ आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कारण त्या वेळात माणूस मालकाच्या हुकमात असतो, तो वेळ त्याला स्वतःसाठी वापरता येत नाही. तो निकाल पगारी नोकरांचा आहे, इथे लागू नाही आणि तुम्ही नोकरही नाही. पण त्यामागचा विचार मला पटतो. पहाटे वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग धरून बसलेला तुमचा तास दुसऱ्या कुठल्याच ग्राहकाला विकता येत नव्हता. तो वाळूजवाल्यांनी घेतला होता.

आता दर. साइटवरच्या तासाइतकाच दर प्रवासाला लावावा, असं काही जण सांगतात. मला ते मान्य नाही. गाडी चालवताना तुमचं तांत्रिक डोकं खर्ची पडत नाही, आणि ग्राहकालाही ते पटणार नाही. निम्मा दर रास्त. तुमचे दिवसाचे ४,००० म्हणजे आठ तासांनी तासाला ५००, मग प्रवासाला २५०. वाळूजला जायला पाच आणि यायला साडेपाच तास लागले, त्याचे २,६२५. व्हिजिटचे पूर्ण ४,०००. गाडीचे ५,२८०. एकूण ११,९०५ आणि टोल. हा आकडा बघून तुम्हाला स्वतःलाच कसंतरी होईल, मला कल्पना आहे. पण मशीन बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या वॉरंटीबाहेरच्या कामाला 'ट्रॅव्हल डे', म्हणजे प्रवासाच्या दिवसाचे वेगळे पैसे, लावतात, हे तुम्ही त्याच धंद्यात राहून पाहिलेलं आहे. ते बिल कारखाने मुकाट्याने भरतात, कारण ते कोटेशनमध्ये आधीच छापलेलं असतं.

खरी मेख इथेच आहे. मी खरेदी खात्यात टेबलापलीकडे बसून अशी बिलं पास केली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो : परचेसचा माणूस मोठ्या आकड्याला फारसा बिचकत नाही, पीओत (खरेदीच्या लेखी ऑर्डरीत) नसलेल्या ओळीला बिचकतो. बिलात नंतर उगवलेली 'प्रवासवेळ' ही ओळ त्याला ऑडिटमध्ये अडकवते. तीच ओळ आधी कोटेशनमध्ये असली तर तो घासाघीस करेल, दोनशे-पाचशे कमी करायला लावेल आणि सही करेल.

त्यामुळे तासांचा हिशोब तुमच्या वहीत ठेवा, ग्राहकापुढे मात्र झोनप्रमाणे ठोक रक्कम मांडा. तुमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याला तेच सोपं पडतं. ग्राहकालाही निघण्याआधी आकडा कळतो, आणि वाटेत पंक्चर झालं की ट्रॅफिक लागला यावरून कुणाची हुज्जत होत नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे हा घरचा झोन, प्रवास व्हिजिट चार्जमध्येच धरलेला. रांजणगाव, शिरवळ, कुरकुंभ, सुपा हा दुसरा, ठोक हजार-बाराशे. नाशिक, वाळूज, कोल्हापूर हा तिसरा, २,५०० च्या आसपास. बुटीबोरी, गोव्याचं वेर्णा किंवा राज्याबाहेर जायचं असेल तर जाण्याचा आणि येण्याचा दिवस प्रत्येकी अर्ध्या दराने, तिकीट आणि राहणं ग्राहकाकडे.

झोन आखताना नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका, घड्याळावर जा. चाकण तुम्हाला हाकेच्या अंतरावर वाटतं, पण शिफ्ट सुटायच्या वेळेला मोशीपासून तळेगाव चौकापर्यंत गाडी कशी मुंगीच्या पावलांनी सरकते ते रोज बघता. चाकण एमआयडीसीच्या आतल्या टप्प्यांत जायचं असेल तर ते मी दुसऱ्या झोनमध्ये टाकेन. उलट शिरवळ लांब असूनही सकाळी लवकर निघालं तर बरं पडतं.

प्रवासापेक्षाही जास्त पैसा तुम्ही कारखान्याच्या गेटवर गमावलात. तुमच्याच पत्रात आहे : १० ला गेटवर, मशीन हातात साडेबाराला. हे अडीच तास कुणामुळे गेले? पास त्यांचा, सेफ्टीचं ट्रेनिंग त्यांचं, लॉट त्यांचा. म्हणून तुमचं घड्याळ गेटच्या रजिस्टरमधल्या 'इन टाइम'ला सुरू होतं आणि 'आउट टाइम'ला थांबतं, हे कोटेशनमध्ये एका ओळीत लिहा. सर्व्हिस रिपोर्टच्या छापील फॉर्ममध्ये चार रकाने घाला : गेट इन, मशीन ताब्यात मिळालं, काम पूर्ण, गेट आउट. त्याखाली मेंटेनन्सच्या माणसाची सही आणि शिक्का. पुढच्या वेळी कुणी "दोनच तास काम झालं" म्हणालं, तर दुसऱ्या रकान्यात उशीर कुणाचा ते त्यांच्याच सहीने लिहिलेलं असेल. इतकी बिनखर्चाची आणि इतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला सुचत नाही.

ब्रेकडाउनचा फोन रात्री येतो, तेव्हा पीओची वाट बघता येत नाही, हे खरं. पण व्हॉट्सॲप तर आहे. फोन ठेवल्या ठेवल्या असा मेसेज टाकायचा :

"साहेब, उद्या सकाळी ५ ला निघतो. व्हिजिट चार्ज ४,००० (गेट इनपासून ८ तास, कमीत कमी पूर्ण दिवस). प्रवासवेळ जाऊन-येऊन २,५००. गाडी १२ रुपये किमी, टोल पावतीप्रमाणे. पार्ट लागले तर वेगळे. मशीन मोकळं ठेवायला आणि गेट पास करायला सांगावं. ओके कळवा, म्हणजे निघतो."

समोरून नुसतं "ओके" आलं तरी तो करार झाला. मेसेजवर झालेला करार चालतो, माहिती तंत्रज्ञान कायद्यात तशी तरतूद आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्लँट हेड साहेबांनाही ते बरं पडतं. तो मेसेज ते परचेसला पुढे पाठवू शकतात. आज त्यांच्या हातात तुमच्या बाजूने दाखवायला काहीच नाही, म्हणून ते गप्प आहेत. ओळखीच्या माणसाला संकोचातून बाहेर काढायचं असेल, तर त्याला कागद द्यावा लागतो.

आता संभाजीनगरच्या माणसाची भीती. ती खोटी नाही, आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. वाळूज, चिकलठाण्यात चांगले सर्व्हिसवाले आहेत. जे काम त्यांना येतं त्यासाठी पुण्याहून माणूस बोलावून प्रवासाचे पैसे मोजणं ग्राहकाच्या हिताचं नाही. अशा कामाला तुम्ही जाऊच नये. फ्यूज, लिमिट स्विच, कूलंट पंप यांसाठी ४४० किलोमीटर गाडी पळवून तुमचं घर चालणार नाही, हे वरच्या हिशोबाने सिद्धच झालं. तुम्हाला लांबून बोलावतात ते एखादा जुना कंट्रोलर दुसऱ्या कुणाला उमजत नाही म्हणून. तिथे प्रवासाचे अडीच हजार आड येत नाहीत. स्वस्तात जाण्याची सवय लावली की मात्र सगळीच कामं, तुमच्या लायकीची आणि बिनलायकीची, तुमच्याकडेच येत राहतात.

त्याला जोडूनच : निघण्याआधी अर्धा तास फोनवर घालवा. अलार्म नंबरचा फोटो मागवा, व्हिडिओ कॉलवर पॅनेल उघडून दाखवायला सांगा, शक्य तिथे लॅपटॉप जोडून रिमोटने बघा. त्या अर्ध्या तासाचेही पैसे लावा, पाचशे-हजार. स्थानिक इलेक्ट्रिशियनकडून काम होण्यासारखं असेल, तर तसं सांगून मोकळे व्हा. ज्या ग्राहकाला तुम्ही एकदा "मी यायची गरज नाही" म्हटलंत, तो पुढच्या वेळी तुम्ही "यावं लागेल" म्हटल्यावर प्रवासाच्या दरावरून खळखळ करणार नाही.

प्रामाणिकपणाची बाजू तुमच्याकडूनही सांभाळली पाहिजे. एकाच फेरीत वाळूजचे दोन कारखाने केलेत तर प्रवास दोघांत वाटायचा, दोघांकडून पूर्ण घ्यायचा नाही. ट्रेनमध्ये बसून दुसऱ्या ग्राहकाचं लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम) दुरुस्त केलंत आणि त्याचे पैसे लावलेत, तर तोच तास प्रवास म्हणून पुन्हा विकायचा नाही. एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात, मेंटेनन्सवाले कंपन्या बदलतात आणि बोलतात.

बिलाच्या बाबतीत थोडं तांत्रिक, पण ऐका. प्रवासखर्च त्याच बिलात घातला की टीडीएस पूर्ण रकमेवर कापला जातो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९५ च्या परिपत्रकातच सांगून ठेवलंय की बिलातून खर्चाची भरपाई वजा करून टीडीएस कापता येणार नाही. शिवाय तुम्ही इंजिनिअर म्हणून ५० टक्के अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल, तर ग्राहकाने परत दिलेलं पेट्रोलही तुमच्या जमेत धरलं जातं आणि त्यातलं निम्मं उत्पन्न मानलं जातं. म्हणून लांबच्या कामाला रेल्वेचं तिकीट आणि लॉज ग्राहकानेच थेट बुक करावं, असा आग्रह धरा. ते पैसे तुमच्या हातातून जाऊच नयेत. जीएसटीची नोंदणी असेल तर प्रवासाच्या ओळीवरही सेवेइतकाच, १८ टक्के कर लावायचा. गाडीभाडं, टोल हे सेवेचाच भाग धरले जातात. ग्राहकाला त्याचं क्रेडिट मिळतं, त्याचं नुकसान नाही. उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तर हा प्रश्नच नाही. तुमच्या सीएला एकदा दाखवून घ्या.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर या आठवड्यात करा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत तुमचं बिल चुकतं व्हायला हवं. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. आणि २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो, आधी नाही. बिलावर उद्यम नंबर छापलेला दिसला की अकाउंट्सवाले ते बिल वरच्या ढिगात ठेवतात. व्याजाची धमकी द्यावी लागत नाही.

मग गेल्या महिन्याच्या बिलाचं काय? इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. त्या फेरीच्या प्रवासवेळेचे पैसे आता मागू नका. ते ठरलेलं नव्हतं. दिवसाला ४,००० आणि पेट्रोल हे तुम्हीच मान्य केलं होतं. पण हाफ डेही ठरला नव्हता. दिवसाचा दर ठरला होता आणि तुम्ही १० पासून साडेतीनपर्यंत त्यांच्या आवारात होतात. म्हणून राहिलेल्या २,००० साठी साधा ईमेल करा : रिपोर्टची प्रत, गेटची वेळ, ठरलेला दर. प्लँट हेडना सीसीत ठेवा आणि त्यांना फोनवर इतकंच सांगा की साहेब, वेळेला दुजोरा द्या. याउपर नाहीच दिले, तर दोन हजारांसाठी तक्रारी-दावे करत बसू नका, पण तिथे जुन्या दराने पुन्हा पाऊल टाकू नका. त्याच ईमेलला नव्या दराचं झोनपत्रक जोडून टाका, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू असं लिहून.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती मला पत्रात सर्वात जास्त खुपली. पहाटे ५ ला निघून साइटवर काम करून रात्री ९ ला घरी, आणि परतीचा सगळा रस्ता नगर रोडच्या ट्रकांमधून. बारा तासांच्या वर दिवस जात असेल तर त्या रात्री परतायचं नाही. वाळूजला लॉज घ्यायचा, त्याची ओळ कोटेशनमध्ये घालायची. एका ग्राहकाने लॉजचे पैसे नाकारले तर चालेल, डोळ्यावर झापड असताना गाडी चालवलेली चालणार नाही. गाडीत शेजारी दुसऱ्याचा मुलगा बसलेला असतो.

आणि त्या मुलाच्या हजेरीचं बोलू. तुम्ही त्याला ९०० दिलेत, सोळा तासांचे. तुमचा प्रवासाचा वेळ कुणी मोजत नाही म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत, त्याचा तुम्ही मोजलात का? तो तुमच्यासोबतच निघाला, गेटवर तुमच्यासोबतच ताटकळला. आणि तुमच्यासारखं त्याला कोटेशनही देता येत नाही. बाहेरगावच्या फेरीला दीड हजेरी, मुक्काम असेल तर दोन, जेवण तुमच्याकडून, असं त्याच्याशी आत्ताच ठरवा. तो खर्च झोनच्या दरात धरूनच ग्राहकाला आकडा सांगा, म्हणजे तुमच्यावर बोजा पडणार नाही. वाळूजच्या फेरीचे त्याचे ४५० बाकी निघतात. ग्राहकाकडून तुमचे २,००० येवोत न येवोत, ते या शनिवारी हजेरीसोबत देऊन टाका.